दर वेळी कडा तिथेच बिघडते? उसवायच्या आधी तुकडा नीट बघून घ्या

मफलरसाठी ३० खांब (क्रोशाचे उंच टाके) घेऊन सुरुवात केली, हातभर विणून झालं आणि आता मोजले तर २४, दोन्ही कडा आत गेल्यात, मफलरचा टाय व्हायला लागलाय. मग वैतागून सगळं उसवायचं, परत साखळी घालायची, या वेळी अगदी जपून विणायचं आणि थोड्या ओळी झाल्या की परत तेच. क्रोशा किंवा दोन सुयांचं विणकाम नवीन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते, आणि बरेच जण याच टप्प्यावर "आपल्या हातात कलाच नाही" म्हणून लोकर कपाटात टाकून देतात.

यावर सगळ्यात पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे दर ओळीला टाके मोजा. सल्ला बरोबर आहे पण अर्धवट आहे. मोजून फक्त एवढंच कळतं की टाके कमी झालेत, कुठे आणि कशामुळे कमी झालेत ते नाही कळत. ते कळतं त्या बिघडलेल्या तुकड्यावरून, आणि आपण नेमका तोच रागाच्या भरात उसवून टाकतो. पुरावाच गेला, मग पुढच्या वेळी वेगळं काय करायचं ते कसं कळणार? हात तेच, सवय तीच, त्यामुळे चूकही तीच. माझ्या मते ही अडचण परत परत येण्याचं हेच मोठं कारण आहे, कौशल्य वगैरे नंतरची गोष्ट.

तर आधी सुईवरचा फास सेफ्टी पिनमध्ये अडकवा म्हणजे चुकून सुटणार नाही, तुकडा सपाट टेबलावर पसरा, चांगल्या उजेडात, आणि खालून वर बघत जा. शक्यतो त्याच दिवशी नाही, राग उतरल्यावर. बघताना तीनच प्रश्न: टाक्यांची संख्या बदललीये का, संख्या तीच असून सुई चुकीच्या जागी गेलीये का, की दोन्ही बरोबर असून हातच घट्टसैल झालाय. या तिन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की काहीच सुधारत नाही, उलट आपण अजून घाबरत घाबरत विणतो.

क्रोशात कडा आत जात असेल तर संशय पहिला घ्यायचा तो ओळ पलटताना घेतलेल्या साखळ्यांवर. मुक्या खांबाला (सगळ्यात बुटका टाका) १ साखळी, अर्ध्या खांबाला (मधल्या उंचीचा) २, खांबाला ३, हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्या साखळ्या टाका म्हणून मोजायच्या की नाही इथे गोंधळ होतो. मुक्या खांबाची १ साखळी सहसा मोजत नाहीत, म्हणून पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात घालायचा. खांबाच्या ३ साखळ्या मात्र बहुतेक पॅटर्नमध्ये पहिला खांब म्हणूनच धरतात, म्हणजे पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात घालायचा आणि ओळीच्या शेवटी, शेवटचा खांब मागच्या ओळीतल्या त्या ३ साखळ्यांच्या वरच्या टोकात घालायचा. हा जो शेवटचा आहे ना, तोच निसटतो. कारण ती साखळी कडेला वळून बसलेली असते, टाक्यासारखी दिसतच नाही, आपल्याला वाटतं संपली ओळ. कधी सापडते कधी निसटते म्हणूनच ३० चे २४ होतात, दर ओळीला निसटली असती तर केव्हाच त्रिकोण झाला असता आणि लक्षात तरी आलं असतं.

याच्या उलट, ३ साखळ्या टाका म्हणून धरल्या आणि वर परत पहिल्याच टाक्यात खांब घातला की दर ओळीला एक वाढतो आणि पट्टी रुंद होत जाते. आणि खरी गंमत म्हणजे काही जण सुरुवातीला एक वाढवतात आणि शेवटी एक सोडतात, म्हणजे हिशेब जुळतो, मोजणी दर वेळी बरोब्बर ३०, आणि कडा मात्र दातेरी. अशा माणसाला "मोजत जा" सांगून काय उपयोग, तो बिचारा मोजतोच आहे.

तुकडा बघायचा तो यासाठी. दोन्ही बाजू सारख्याच आत जात असतील तर चूक प्रत्येक ओळीच्या शेवटी होतेय, कारण आपण पलटतो तसा शेवट एकदा डावीकडे येतो एकदा उजवीकडे. एकच बाजू आत जात असेल आणि दुसरी सरळ असेल तर चूक एकाआड एक ओळीत होतेय, म्हणजे कामाची सुलट बाजू समोर असताना तुम्ही बरोबर करताय आणि उलट बाजूला टाका ओळखू येत नाहीये (किंवा उलटं). मग लक्ष कुठे द्यायचं ते आपोआप ठरतं, सगळ्या ओळी डोळ्यांत तेल घालून विणायची गरज नाही.

उपाय साधा आहे. पलटल्यावर ३ साखळ्या घेतल्या की सगळ्यात वरच्या साखळीत लगेच मार्कर अडकवायचा, मार्कर नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा. ओळीच्या शेवटी मार्कर दिसला की त्यात खांब घातल्याशिवाय पलटायचं नाही. काही दिवसांनी डोळ्याला सवय होते आणि मार्कर सुटतो. दुसरा मार्ग म्हणजे ३ ऐवजी २ साखळ्या घ्यायच्या, त्या टाका म्हणून धरायच्याच नाहीत आणि खांब सरळ पहिल्या टाक्यात घालायचा, यात ३ साखळ्यांमुळे कडेला दिसणारी फटही कमी दिसते. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, फक्त एकाच कामात दोन्ही मिसळू नका. पॅटर्नमध्ये कुठली पद्धत धरलीये ते बहुतेक वेळा सुरुवातीच्या सूचनांतच लिहिलेलं असतं आणि तेवढंच कुणी वाचत नाही.

पहिल्याच ओळीत गडबड असेल तर साखळ्यांचा हिशेब बघा. २० मुके खांब हवेत तर २१ साखळ्या आणि पहिला टाका सुईपासून दुसऱ्या साखळीत, २० खांब हवेत तर २२ साखळ्या आणि पहिला खांब चौथ्या साखळीत, सोडलेल्या ३ साखळ्या हा विसावा खांब. सुईवर असलेला फास कधीच मोजायचा नाही. आणि इंग्रजी पॅटर्न बघून करत असाल तर तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी बघा, कारण अमेरिकन पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब आणि ब्रिटिशमधला डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, सगळं बरोबर करूनही भलतंच तयार होतं.

आता दोन सुयांचं विणकाम. इथे तक्रार बहुतेक उलटी असते, टाके वाढत जातात. २० घातले होते २७ कसे झाले? पहिला चोर बसलेला असतो ओळीच्या सुरुवातीला. आपण सुया बदलतो तेव्हा लोकर जर सुईच्या वरून मागे ओढली गेली तर पहिला टाका ताणला जातो आणि त्याचे दोन पाय सुईवर दोन वेगळ्या टाक्यांसारखे दिसतात, आपण इमानेइतबारे दोन्ही विणतो, झाला एक जास्त. ओळ सुरू करायच्या आधी लोकर सुईच्या खाली आहे ना एवढं बघायचं. दुसरा चोर मध्ये असतो, सुलट टाक्यावरून उलट टाक्यावर जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणायची राहते आणि सुईवरूनच वेढा पडतो. हे ओळखायला सोपं, जास्तीच्या टाक्याखाली भोक दिसतं. भोक नसून टाका वाढला असेल तर लोकरीचा धागा फाटून त्याच्या दोन पदरांत दोन टाके विणले गेलेत, हे सैल पिळाच्या लोकरीत आणि अणकुचीदार सुईवर जास्त होतं.

टाके कमी झाले असतील तर एक तर दोन एकत्र विणले गेलेत, नाहीतर एक सुटलाय. सुटलेल्याखाली शिडी दिसते. शिडी दिसली की लोक घाबरून ओढाताण करतात आणि ती अजून खाली जाते. ओढू नका, त्या सुटलेल्या फासात सेफ्टी पिन घाला, मग क्रोशाची सुई घेऊन शिडीची एकेक पायरी फासातून ओढत वर या. विणाची सुलट बाजू समोर ठेवून केलं तर नंतर कुठे सुटला होता ते शोधूनही सापडत नाही. या एका युक्तीने जेवढा धीर येतो तेवढा दुसऱ्या कशानेच येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळे एकदा मुद्दाम छोट्या तुकड्यावर टाका सोडून बघा आणि वर आणा.

आणि हो, एका बाजूने सगळं सुलट दुसऱ्या बाजूने सगळं उलट असं विणलेलं गुंडाळतं. ही तुमची चूक नाही. त्या विणीचा स्वभावच तो आहे, बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरखालच्या पुढे. पाण्यातून काढून पिना लावून वाळवलं तरी हळूहळू परत वळतातच. कडेला चार-पाच टाके दोन्ही बाजूंनी सुलट ठेवायचे किंवा रिबची (सुलट-उलट टाके आलटून पालटून) पट्टी घालायची, आणि हे आधीच ठरवायला लागतं. या एका कारणासाठी किती मफलर उसवले गेले असतील देव जाणे.

गोल विणताना वाटी होत असेल तर टाके कमी वाढवताय, झालर पडत असेल तर जास्त वाढवताय. मुक्या खांबाला प्रत्येक फेरीत साधारण ६ वाढवायचे, म्हणजे ६, १२, १८, २४ असं जातं, अर्ध्या खांबाला ८ आणि खांबाला १२. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता सगळ्यात अवघड प्रकार. संख्या बरोबर, जागा बरोबर, तरी तुकडा अरुंद होतोय. हा हाताचा प्रश्न. खालच्या पाचव्या ओळीतले १० टाके पट्टीने मोजा आणि शेवटच्या ओळीतले १० मोजा, फरक आला तर उत्तर मिळालं. फक्त तळ आवळलेला आणि वर पंख्यासारखं पसरत असेल तर सुरुवातीची साखळीच घट्ट होती, तेवढी साखळी अर्धा ते एक मिमी मोठ्या सुईने घाला आणि मग नेहमीच्या सुईवर या, "सैल घाला" असं स्वतःला बजावून सैल होत नाही. मधेच पट्टे दिसत असतील, एक ओळ घट्ट एक सैल, तर दोन सुयांवर उलटची ओळ सैल पडतेय, त्या ओळीसाठी एक नंबर बारीक सुई वापरून बघा.

पण वरवर घट्ट होत जाणारा तुकडा असेल तर त्या दिवसांत काय चाललं होतं तेही आठवून बघा. मनावर ताण असेल तर हातात येतो, दात आवळून विणलं की टाकाही आवळला जातो, आणि रात्री झोप येत असताना विणलेल्या ओळी वेगळ्याच दिसतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त ओळ अर्धी सोडून उठू नका, सुईवर ताणून राहिलेले टाके वेगळे दिसतात. बरेच दिवसांनी काम हातात घेतलं तर आधी वेगळ्या लोकरीवर चार-सहा ओळी विणून हात जुना करून घ्या आणि मग मूळ कामाला लावा. सुई किती मिमीची होती ते लिहून ठेवा, नाहीतर ४ च्या जागी ४.५ घेतली जाते आणि आपण दोष हाताला देत बसतो. जुन्या सुयांवरच्या नंबरांवर तर अजिबात विसंबू नका, जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबरची सुई ४ मिमी असते आणि अमेरिकन ८ नंबर म्हणजे ५ मिमी.

घट्ट विणणाऱ्यांचं मनगट आणि अंगठाही दुखतो, त्यातून सुती दोरा असेल तर जास्तच कारण त्याला लवचिकपणा नसतो. अधूनमधून सुई खाली ठेवा, बोटं मोकळी करा. मुंग्या येत असतील किंवा बधिर होत असेल आणि थांबूनही जात नसेल तर विणकाम बंद आणि डॉक्टर.

मापाच्या कपड्यात हा घट्टसैलपणा किती महागात पडतो ते आकड्यातच बघा. पॅटर्नमध्ये १० सेंमीत २० टाके दिलेत आणि तुमचे २२ येतात, फरक दोन टाक्यांचा, कोण लक्ष देतंय. पण स्वेटरचा घेर २०० टाक्यांचा असेल तर १०० सेंमीच्या जागी जेमतेम ९१ होणार, म्हणजे तो अंगात जाणारच नाही. म्हणून आधी सॅम्पल. सॅम्पल सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, मलाही वाटतं, पण १५ सेंमीचा चौकोन विणून, नंतर कपडा जसा धुणार तसाच धुवून, वाळवून, मधले १० सेंमी मोजायचे. कडेचे टाके धरायचे नाहीत. न धुता मोजलेलं सॅम्पल फसवतं, मशीनमध्ये धुता येणारी लोकर पाण्यात गेल्यावर चांगलीच ढिली पडू शकते. टाके जास्त आले तर जाड सुई, कमी आले तर बारीक सुई, हात बदलायचा प्रयत्न करू नका.

एवढं बघून झालं, कारण सापडलं, आता प्रश्न उसवायचं का. इथे मी एकच गोष्ट विचारते, चूक वाढणारी आहे की जागच्या जागी बसलेली? कडेचा निसटलेला टाका वाढतो, त्यावरची प्रत्येक ओळ आखूड होणार, तिथपर्यंत उसवावंच लागतं. सुटलेला टाका वाढतो. मापाच्या कपड्यात चुकलेला घेर पुढे गेल्याने सुधारत नाही, "धुतल्यावर मोठं होईल" म्हणून विणत राहणं म्हणजे अजून वेळ आणि लोकर घालवणं. पण खाली कुठेतरी एक सुलटच्या जागी उलट पडलाय, एक अर्धा खांब खांबाऐवजी झालाय आणि संख्या जुळतेय, तर तो तिथेच बसून राहणार आहे, कुणाला दिसणारही नाही. तुम्हाला दिसतो कारण तुम्ही तो केलाय. शालीत, पांघरुणात गेज (१० सेंमीत किती टाके बसतात तो हिशेब) थोडं चुकलं तरी काही बिघडत नाही, शाल चार बोटं मोठी झाली तर कोण हरकत घेणार आहे.

लोकांचं होतं काय की वाढणारी चूक दिसूनही पुढे विणत राहतात, कारण उसवायचं जिवावर येतं, आणि बसलेल्या चुकीसाठी मात्र रात्री बारा वाजता अख्खं काम उसवतात. मला वाटतं यात चुकीचा संबंध कमी आणि मनाचा जास्त. आधीच काहीतरी बिनसलेलं असतं, कुणीतरी "एवढ्या वेळात विकत मिळालं असतं" असं म्हणालेलं असतं, आणि तो एक टाका सापडतो.

विणलं की मन शांत होतं हे आपण इतकं ऐकलेलं असतं की शांत नाही झालं तर आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. २०१३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीमध्ये एक मोठं ऑनलाइन सर्वेक्षण आलं होतं, ३,५४५ विणणाऱ्यांचं, आणि जे जास्त वेळा विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटतं असं जास्त सांगितलं होतं. खोटं नाही ते. पण उत्तरं दिली ती विणणाऱ्यांनीच, वैतागून सोडून दिलेल्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिकतानाचे महिने शांत नसतात, डोकं पूर्ण वेळ मोजण्यात अडकलेलं असतं. म्हणून एका वेळी दोन कामं ठेवा, एक शिकण्याचं ज्यात चुका होणार आहेत आणि एक अगदी सोपं, नुसते मुके खांब किंवा नुसतं सुलट, दिवसभराच्या दगदगीनंतर हातात घ्यायला. शिकण्याचं काम कुणाला भेट द्यायचं म्हणून तारीख ठरवून घेऊ नका, तारीख जवळ आली की हात घट्ट होतो आणि परत मूळ पदावर.

उसवायचंच ठरलं तर सुई काढून सरसकट ओढू नका. दोन सुयांच्या कामात, जिथपर्यंत बरोबर आहे त्या ओळीच्या प्रत्येक टाक्यातून बारीक, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा दोरा ओवून घ्या, याला लाइफलाइन म्हणतात, मग वरचं खुशाल उसवा, तिथे येऊन थांबतं. जाळीचं अवघड काम असेल तर दर काही ओळींनी आधीच ओवून ठेवायची. क्रोशात एकच फास असतो त्यामुळे हे लागत नाही, उसवायला तो जास्त सोपा, नवशिक्याने तिथून सुरुवात करावी याचं हेही एक कारण. मोहेरसारखी केसाळ लोकर उसवताना गुंतते, ती शिकायच्या कामाला नकोच. उसवलेली लोकर नागमोडी झालेली असते, तशीच परत विणली तर टाके वेडेवाकडे येतात आणि मग वाटतं हातच खराब. लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता पाणी दाबून काढा आणि टांगून वाळवा, सरळ होते. ॲक्रिलिक तितकं सरळ होत नाही पण काम भागतं, फक्त त्यावर गरम इस्त्री फिरवू नका, वितळतं.

आणि तरीही कारण सापडत नसेल तर जाणकाराला विचारताना "माझं वाकडं होतंय" एवढंच सांगू नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. तुकडा सपाट ठेवून वरून काढलेला फोटो, दोन्ही कडांचा जवळून एकेक, सुई किती मिमी, पहिल्या ओळीत किती टाके होते आणि आता किती आहेत, ओळ पलटताना किती साखळ्या घेताय आणि पलटल्यावर पहिला टाका नेमका कुठे घालताय. आणि तो तुकडा तोपर्यंत उसवू नका.